नातिचरामि (कन्नड, २०१८): नवरा गेला, प्रेम तसंच आहे, आणि शरीराचं काय?

टिळकवाडीची

बरेच दिवस वाट बघत होते की इथं कोणीतरी या सिनेमावर धागा काढेल. मल्याळम सिनेमांवर पानंच्या पानं पडतात पण कन्नड म्हटलं की केजीएफ आणि कांताराच्या पुढं आपली गाडी जात नाही, म्हणून आता मीच लिहिते. मी बेळगावची, घरात मराठी, गल्लीत दोन्ही, त्यामुळं सबटायटलशिवाय बघितला. शेवट सांगणार नाहीये, बाकी थोडं फार फुटेल त्याला इलाज नाही.

गौरी बेंगळुरूत एकटी राहते, नोकरी करते, स्वतःचं स्वतः बघते. प्रेमविवाह झालेला आणि नवरा महेश वारलाय. आता आपल्या सिनेमात अशा बाईचे दोनच प्रकार असतात, एक तर फोटोला हार घालून आयुष्य काढणारी, नाहीतर जिचं दुसरं लग्न लावून दिलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो ती. गौरीला यातलं काहीच नकोय. तिचं महेशवर अजून प्रेम आहे, दुसरा नवरा नकोय, आणि तरी तिला शरीरसुख हवंय. बास, एवढाच प्रश्न आहे. तो ती आधी स्वतःशी बोलते, मग समुपदेशकाशी, आणि मग ज्याच्याकडून हवंय त्या माणसालाच सरळ विचारते.

तो माणूस म्हणजे सुरेश. बांधकामाच्या धंद्यातला, लग्न झालेला, बायको सुमा घरात. याचंही संसारात लक्ष नाही, बायको मनासारखी नाही असं याचं दुखणं. आणि एक बाई समोर बसून, न लाजता, न रडता, न दारू पिता विचारते तेव्हा हा गडी जो गडबडतो ना! संचारी विजयनं ते इतकं बारीक केलंय. म्हणजे जे याला मनातून हवंच आहे तेच बाईच्या तोंडून आलं की ती बाई लगेच 'तसली' होते. मला वाटतं सिनेमा खरा गौरीबद्दल जेवढा आहे तेवढाच या गडबडण्याबद्दल आहे. आपल्या हिरोंनी पन्नास वर्षं हिरॉइनच्या सायकलमागं गाणी म्हणत फिरायचं आणि त्याला रोमान्स म्हणायचं, आणि बाईनं एकदा शांतपणे प्रश्न विचारला की थिएटरात खोकले सुरू.

नाव तर आपल्या ओळखीचंच आहे. धर्मे च अर्थे च कामे च, नातिचरामि. लग्नात भटजी ते सगळ्या मामा-आत्यांसमोर मोठ्यांदा म्हणून घेतात आणि आपलं लक्ष पंगत कधी बसते याच्याकडं असतं.

दिग्दर्शक मंसोरे, कथा-पटकथेत संध्या राणी या लेखिकेचा हात आहे आणि ते कळतं, बाईचे संवाद पुरुषानं लिहिलेल्या बाईचे वाटत नाहीत. गौरी झालीय श्रुती हरिहरन, लुसिया सिनेमावाली. कोणी बघितलाय का? बघितला असेल तर सुमाबद्दल तुमचं मत सांगा, मला तिच्यावर भांडायचंय.

चहाटळ

म्हणजे लग्न झालेल्या माणसाकडं जायचं आणि त्याला पुरोगामी म्हणायचं? अविवाहित कोणी मिळाला नाही का बेंगळुरूत, एवढं मोठं शहर आहे

टिळकवाडीची

@चहाटळ सिनेमा बघून बोल की जरा. हे बरोबर आहे असं सिनेमा कुठंच म्हणत नाही, ती स्वतःच त्यात सारखी अडकते. आणि अविवाहित, ऑनलाइन ओळखी वगैरे सगळं करून बघायचं म्हटलं तरी एकट्या बाईला त्यात काय काय बघायला मिळतं ते तुला माहीत नसेल. ओळखीतला, कामाला येणारा, ज्याच्याशी रोज नीट बोलणं होतं असा माणूस सुरक्षित वाटतो, हे अगदी पटण्यासारखं आहे.

निवांत

वाचतेय. लिहा अजून.

हुबळीकर काका

ताई, छान लिहिलंत. मी मूळचा हुबळीचा, नोकरीपायी सगळी हयात ठाण्यात गेली, पण तरुणपणी कन्नड दिग्दर्शक पुट्टण्णा कणगालांचे सिनेमे रांगा लावून बघितलेत त्यामुळं दोन शब्द लिहावेसे वाटले, लांबलं तर सांभाळून घ्या.

कन्नडमध्ये बाईच्या इच्छेवर सिनेमा हे नवीन नाही. १९७३ साली पुट्टण्णांचा एडकल्लु गुड्डद मेले आला. जयंती त्यात माधवी, एका लष्करी अधिकाऱ्याची बायको, नवरा युद्धात जखमी होऊन परत आलेला, संसार नावापुरता उरलेला, आणि तिचं मन एका तरुण पोरावर जातं. त्या काळी हे दाखवणं म्हणजे केवढं धाडस, आणि सिनेमा चालला, दणकून चालला. पण शेवटी ती बाई जीव देते. द्यावाच लागतो. तोपर्यंत प्रेक्षक तिच्या बाजूनं रडायला तयार असतो, पण जिवंत ठेवायला तयार नसतो.

त्याआधीचा शरपंजर, त्रिवेणींच्या कादंबरीवरचा. कल्पना त्यात कावेरी झाली होती. लग्नाआधीचं एक प्रकरण मनात दाबून ठेवलेलं, बाळंतपणानंतर ते वर येतं, वेड लागतं, उपचार घेऊन बरी होऊन ती घरी येते तर घरातलं आणि शेजारचं कोणी तिला बरी मानायलाच तयार नाही, आणि इकडं नवऱ्याचं ऑफिसात सुरू असतं ते मात्र चालतं. ती पुन्हा वेडी होते. कर्नाटकात त्या वर्षी बायका कल्पनासारख्या साड्या घ्यायच्या आणि हा सिनेमा बघून डोळे पुसत घरी जायच्या, दोन्ही एकाच वेळी.

आणि विधवा म्हटलं तर घटश्राद्ध (१९७७), गिरीश कासरवळ्ळींचा पहिला सिनेमा, अनंतमूर्तींची कथा. वेदपाठशाळेच्या उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुना, तिला दिवस जातात, आणि तिचा बाप ती जिवंत असताना तिचं श्राद्ध घालतो. सुवर्णकमळ मिळालं त्याला. प्रेमा कारंत बाईंचा फणियम्माही (एम. के. इंदिरांची कादंबरी) बालविधवेचाच, केशवपन वगैरे सगळं आहे त्यात.

आता ही रांग डोळ्यांसमोर ठेवून नातिचरामि बघा. एकीला कड्यावरून ढकललं, एकीला वेडी केली, एकीचं जिवंतपणी श्राद्ध घातलं. गौरी सकाळी उठून कामाला जाते. मला यातच सगळं आलं असं वाटलं.

टिळकवाडीची

काका!!! हे वेगळा लेख करून टाका ना, असं प्रतिसादात नका वाया घालवू. घटश्राद्ध मी बघितलेला, पण एडकल्लु फक्त आईच्या तोंडून गाण्यांपुरता ऐकलाय.

शेवंता

"गौरी सकाळी उठून कामाला जाते" +१००

चहाटळ

काकांचा प्रतिसाद आवडला. पण एक शंका, ते जुने सिनेमे बाईला मारायचे म्हणजे ते स्त्रीविरोधी होते असं म्हणायचंय का? मला तर उलट वाटतं की पुट्टण्णा समाज कसा आहे ते दाखवत होते. आज गौरीला जिवंत ठेवणं सोपं आहे हो, फ्लॅट आहे, पगार आहे, शेजारी विचारत नाहीत. १९७३ साली माधवीनं जगून कुठं जायचं होतं?

हुबळीकर काका

मुद्दा बरोबर आहे तुमचा. स्त्रीविरोधी मी म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही, त्या माणसानं बायकांसाठी जेवढ्या भूमिका लिहिल्या तेवढ्या आज दहा जण मिळून लिहीत नाहीत. पण पैशाचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. गौरीकडं पगार आहे तरी तिच्या डोक्यातली सासू गेलेली नाही, ती रोज तिच्याशी भांडते. समुपदेशकाकडं जावं लागतं ते काय उगाच?

कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातला. सिनेमा बघितला नाही अजून पण विषय वाचून लिहावं वाटलं. आमच्याकडं हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करा म्हणून सांगितलं. पेपरात फोटो, टीव्हीवाले, सगळं झालं, आणि चांगलंच झालं, मी त्याच्या बाजूचाच आहे. आमच्या भागातून कर्नाटक हाकेवर, त्यामुळं तिकडच्या नातेवाइकांतही बरीच चर्चा झाली.

पण ठराव झाला तो बांगड्यांपुरता. हळदीकुंकवाला बोलवा इथपर्यंत गाव आलं. तिनं परत लग्न करावं का यावर अर्धं गाव गप्प, आणि लग्न न करता तिला कोणी आवडला तर, हा प्रश्न विचारायला गेलो तर मलाच गाव सोडावं लागेल. त्यामुळं हा सिनेमा गावात पडद्यावर लावला तर काय होईल याचा विचार करतोय आणि हसू येतंय आणि भीती पण वाटतेय.

रेवती

सुमाबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मला सिनेमातली सगळ्यात एकटी बाई सुमा वाटली, गौरी नाही. गौरीकडं शब्द आहेत. तिला काय हवंय ते सांगता येतं, ऐकून घ्यायला फी घेऊन का होईना एक माणूस आहे. सुमाला नवरा शेजारी असून काही मिळत नाही आणि आपल्याला काही मिळत नाहीये हे म्हणायची भाषाच तिच्याकडं नाही, ती बिचारी अजून जेवण चांगलं करून, नीट राहून त्याला खूश करायच्या मागं आहे. शरण्यानं काम सुंदर केलंय, तिच्या चेहऱ्यावर तक्रार नाही तर गोंधळ आहे, की सगळं तर बरोबर करतेय मग चुकतंय कुठं.

आणि इथंच मला सिनेमावर थोडा राग आहे. एका बाईची मोकळीक दाखवायला दुसऱ्या बाईचं घर का लागावं? पटकथेनं सुरेशला एकटा ठेवला असता तर काही बिघडत नव्हतं. बायको ठेवली ती मग कशाला, गौरीला अपराधी वाटावं म्हणून? सुमाचा प्रश्न त्यामुळं गौरीच्या प्रश्नाचं शेपूट होऊन राहतो.

टिळकवाडीची

@रेवती याच्यावरच भांडायचं होतं मला :)

मला उलट वाटतं. सुमा नसती तर हा फक्त विधवेचा सिनेमा झाला असता, म्हणजे 'बिचारीचा नवरा गेला म्हणून हिला असं वाटतं' असं म्हणून प्रेक्षक सुटला असता. सुमाचा नवरा जिवंत आहे, रोज घरी येतो, आणि ती पण तितकीच उपाशी आहे. म्हणजे प्रश्न नवरा गेल्याचा नाहीच मुळात. बाईला पण काही हवं असतं हे कोणाच्या हिशोबातच नाही, नवरा असो नसो. दोघींना शेजारी ठेवल्यामुळंच ते दिसतं. आणि सुरेश एकटा असता तर त्याचा दुटप्पीपणा कसा दिसला असता? बायकोच्या बाबतीत तो मालक आणि गौरीसमोर तो भेदरलेला, एकच माणूस आहे.

रेवती

हम्म. दुटप्पीपणाचा मुद्दा घेते. पण तरी सुमाला शेवटपर्यंत स्वतःचं असं जास्त काही दिलं नाही ही तक्रार कायम, यावर मी हलणार नाही.

मोहोर

सगळे कथेवरच बोलताय, गाण्यांचं कोणी बोलतच नाही! बिंदुमालिनीचं संगीत आहे. तीच जी वेदांत भारद्वाजबरोबर कबीर गाते. मायावी मनवे ऐका आधी, सिनेमा मग बघा हवं तर. आवाजात एक खरखर आहे, हिंदी-मराठीत आपण बाईच्या एकटेपणाला जो गोड, विरहाचा गळा देतो तसला अजिबात नाही. या गाण्यासाठी तिला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गंमत म्हणजे गीतलेखनाचा पुरस्कारही याच गाण्याला, तो खुद्द मंसोरेला. दिग्दर्शकाला गाणं लिहिल्याचं बक्षीस! ६६ वे पुरस्कार, २०१९ मध्ये जाहीर झाले ते, ज्यात आपला भोंगा सर्वोत्कृष्ट मराठी ठरला आणि नाळला दोन मिळाले. कन्नडमधला सर्वोत्कृष्ट नातिचरामि, शिवाय संकलन, आणि श्रुतीचा विशेष उल्लेख. पाच झाले एकूण. तरी आपल्याकडं नाव कोणाला माहीत नाही.

शेवंता

श्रुतीबद्दल एक सांगायला हवं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी टू च्या वेळी ती नाव घेऊन बोलली होती, कन्नड सिनेमात त्यावरून केवढा गदारोळ झाला, आणि डिसेंबरच्या शेवटी हा सिनेमा थिएटरात आला. म्हणजे पडद्यावर एक बाई 'मला हवंय' म्हणतेय आणि पडद्याबाहेर तीच बाई 'मला नको होतं' म्हणाली म्हणून लोक तिच्यावर तुटून पडलेत. काही लोकांना या दोन्ही गोष्टी एकाच बाईत बसवताच आल्या नाहीत. इच्छा असलेली बाई नकार पण देऊ शकते हे इतकं अवघड आहे का?

चहाटळ

@शेवंता हे चांगलं लिहिलंयस.

निवांत

आता मी पण लिहितेच. नातिचरामि आवडला पण मला समुपदेशनाचे सीन जड गेले, तिथं सिनेमा थोडा व्याख्यानमालेत जातो. जे तिच्या चेहऱ्यावर कळलंय ते परत शब्दांत समजावून सांगतात. मंसोरेचा स्वभावच आहे बहुतेक तो, ॲक्ट १९७८ मध्ये पण मुद्दा कळल्यावर परत एकदा कळवतात (तो बघाच पण, गरोदर बाई सरकारी ऑफिस ओलीस धरते, यज्ञा शेट्टी जबरदस्त).

मला त्यापेक्षा गंटुमूटे जास्त भिडला, २०१९ चा, रूपा राव दिग्दर्शक. नव्वदीतलं बेंगळुरू, शाळकरी मीरा, सलमान खानसाठी वेडी, आणि वर्गातला मधू तिला आवडतो. गोष्ट एवढीशी. पण सगळी तिच्या डोळ्यांनी! शाळेतल्या प्रेमाचे सिनेमे आपण ढिगानं बघितले आणि प्रत्येकात मुलगी ही वर्गात येणारी, केस उडणारी, स्लो मोशनमधली वस्तू. इथं कॅमेरा मुलाच्या मानेवर रेंगाळतो. ओळख वाढवणारी ती, धीर देणारी ती, अभ्यासात पुढं ती, आणि मुलगा हळवा, कच्चा, त्याचं त्यालाच झेपत नाही. तेजू बेळवाडीनं (प्रकाश बेळवाडींची मुलगी) एक फ्रेम खोटी केली नाहीये. रूपा राव यांनी आधी दोन मुलींच्या प्रेमाची वेब सीरिज पण केलीय, द अदर लव्ह स्टोरी.

मुलांनी पण बघा. नाजूक असायची परवानगी मुलालाही असते हे तिथं कुठं न बोलता येतं.

कृष्णाकाठ

मुलगा नाजूक वरून आठवलं, आपला जोगवा (२००९) विसरू नका. सौंदत्तीच्या यल्लम्माचा सगळा विषय, म्हणजे निम्मा कर्नाटकाचाच. हिरो लुगडं नेसलेला, जोगता केलेला, आणि त्याला आणि जोगतिणीला एकमेकांबद्दल वाटतं ते देवाच्या नावानं दोघांनाही नाकारलेलं. उपेंद्र लिमयेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत प्रेमकथेत इतका उलटा नायक दुसरा आठवत नाही मला.

हुबळीकर काका

कृष्णाकाठ, चांगली आठवण. आणि योगायोग बघा, ज्या संचारी विजयबद्दल ताईंनी लिहिलं त्यानंही नानु अवनल्ल अवळु मध्ये तृतीयपंथी व्यक्तीची भूमिका केली होती, लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या आत्मकथेवरचा सिनेमा, दिग्दर्शक लिंगदेवरु. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रजतकमळ त्यालाच मिळालं. एका सिनेमात स्वतःतली बाई मान्य करायला सगळ्या जगाशी भांडणारी, आणि दुसऱ्यात घरच्या बाईचं मन दिसत नसलेला नवरा, दोन्ही एकाच माणसानं करावं. जून २०२१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, ३७ व्या वर्षी. घरच्यांनी अवयवदान केलं. फार मोठा नट झाला असता हो.

मोहोर

अरे देवा, हे माहीत नव्हतं.

टिळकवाडीची

@निवांत समुपदेशनाच्या सीनबद्दल अर्धी सहमत. माझ्या ओळखीच्या एका मावशींना मी सिनेमा दाखवला, त्यांचे मिस्टर बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेत. मला जिथं लेक्चर वाटलं तिथंच त्यांनी मला पॉज करायला लावलं आणि परत मागं घे म्हणाल्या. काही बोलल्या नाहीत, मी पण विचारलं नाही. मग मला वाटलं हे सीन आपल्यासाठी नसतीलच कदाचित. आपण पुस्तकं वाचून, धागे काढून आधीच तिथं पोचलेलो असतो, ज्यांना कोणी कधी सांगितलंच नाही की असं वाटणं चूक नाही, त्यांना ते कोणाच्यातरी तोंडून ऐकायला लागत असेल.

आणि @चहाटळ तुला गृहपाठ, बघून ये आणि मग बोल.

निवांत

पटलं. तरी पाच मिनिटं कापली असती तर चाललं असतं, संकलनाचा पुरस्कार मिळालाय ना :)

चहाटळ

बघितला. काल रात्री, बायकोबरोबर. मी शांतपणे बसून सगळा बघितला हे नोंदवून घ्यावं.

गौरीचं मला पटलं, म्हणजे तिनं विचारलं त्यात मला काही वाटलं नाही, उलट ती विचारते तो सीन फार सभ्य आहे, मी काहीतरी भलतंच समजून बसलो होतो. सुरेश मात्र डोक्यात गेला. मी म्हणालो काय फालतू माणूस आहे, तर आमची ही म्हणाली फालतू कशाला, आपल्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर एक आहे. मी विचारलं आपल्या मजल्यावर कोण? तर उठून पाणी प्यायला गेली.

@रेवती सुमाबद्दल ही तुमच्या बाजूनं आहे, मी ताईंच्या बाजूनं, आणि हे भांडण आज सकाळी चहाबरोबर परत सुरू झालंय. एडकल्लु कुठं बघायला मिळेल तेवढं सांगा काका, शनिवारी तो लावायचाय.

हुबळीकर काका

यूट्यूबवर जुने कन्नड सिनेमे बरेच असतात, तिथं शोधा आधी, सबटायटलची खात्री नाही. अडेल तिथं इथं विचारा, मी सांगतो. घटश्राद्धची प्रत मध्यंतरी नव्यानं दुरुस्त करून २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली, ती मोठ्या पडद्यावर कुठं लागली तर सोडू नका. आणि वहिनींना नमस्कार सांगा, त्या मजल्याच्या प्रश्नाचं उत्तर काय मिळालं तेही कळवा.

रेवती

हो, त्याचीच वाट बघतोय सगळे.